कमावलेले नाव आणि गाळलेले नाव

वाचकाचे पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात: "मी एका तांत्रिक सल्लागार संस्थेत पथकप्रमुख आहे. जमिनीखालच्या जलवाहिन्यांत गळती कुठे होण्याची शक्यता आहे, याचा आगाऊ अंदाज देणारी पद्धत आमच्या पथकाने तयार केली. तिच्यामागची मूळ कल्पना माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका तरुण सहकारी मुलीची. त्या कल्पनेसाठी निधी मी मिळवला, वरिष्ठांना पटवले, काम तडीस नेले. गेल्या वर्षी एका परिषदेत आमच्या संचालकांनी 'ही सर्वस्वी यांचीच कल्पना' अशी माझी ओळख करून दिली आणि मी हसून गप्प राहिले. पुढे मी त्या कामाविषयी एका व्यावसायिक समाजमाध्यमावर लेख लिहिला. तो पुष्कळ वाचला गेला, व्याख्यानांची निमंत्रणे आली. त्यात खोटे वाक्य एकही नाही, पण तिचे नावही नाही. (तिने या विषयावर आजवर एक शब्दही काढलेला नाही.) आता एका पुरस्कारासाठी माझे नाव सुचवले गेले आहे. अर्जात 'आपले मौलिक योगदान' असा रकाना आहे आणि मुदत पुढच्या आठवड्यात संपते. एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात की, श्रेय प्रमुखाकडे जाणे हीच रीत आहे आणि हल्ली स्वतःचा ब्रँड स्वतःच घडवावा लागतो. नाव कमावण्याची धडपड आणि सचोटी यांचे मुळातच जमत नाही का? इतक्या दिवसांनी खुलासा करणे आवश्यक आहे का? आणि केला, तर मिळवलेले नाव राहील का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत बोलके वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. त्या मुलीने एक शब्दही काढलेला नाही, हे तुम्ही तिच्या संमतीचा पुरावा म्हणून लिहिले की तिच्या गप्प राहण्याचे ओझे वाटते म्हणून, हे तुमचे तुम्हालाच ठाऊक. परंतु ज्या व्यक्तीची वेतनवाढ, रजा आणि पुढची बढती तुमच्या शेऱ्यावर अवलंबून आहे, तिच्या मौनातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, एवढे आधीच सांगून ठेवायला हवे.

आता पहिला प्रश्न. नाव कमावण्याची इच्छा आणि सचोटी यांचे मुळात वैर आहे असे मला वाटत नाही, आणि ज्यांना तसे वाटते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे नाव आधीच झालेले असते. आपले काम प्रत्यक्ष तपासून पाहण्याइतका वेळ किंवा तितकी जाण फार थोड्या लोकांपाशी असते. बाकीचे सगळे ऐकीव माहितीवर, मागच्या कामावर आणि कोणाच्या तरी शिफारशीवर आपल्याविषयी मत बनवतात आणि त्या मताच्या आधारेच कोणावर जबाबदारी सोपवायची, कोणाचा सल्ला मानायचा हे ठरवतात. त्यांना दुसरा इलाज नसतो. चांगले काम करून ते झाकून ठेवणारा माणूस विनयशील म्हणवला जातो खरा, पण त्याच्या गप्प बसण्यामुळे एखादी जबाबदारी कमी पात्रतेच्या आणि अधिक बोलक्या माणसाकडे गेली, तर त्यात कोणाचेच भले होत नाही. तेव्हा व्याख्याने देणे, आपल्या कामाविषयी लिहिणे, पुरस्कारासाठी आपले नाव पुढे जाऊ देणे यांत संकोचण्यासारखे काही नाही.

अडचण दुसरीकडे आहे. लौकिक आपला म्हटला तरी तो राहतो इतरांच्या मनात, आणि तिथे आपला हात पोहोचत नाही. लोक ज्या माहितीवरून मत बनवणार, ती आपण त्यांना खरी आणि पुरेशी देतो की नाही, एवढेच आपल्या ताब्यात असते. लोकांचा आपल्याविषयी चुकीचा समज होत आहे, तो आपल्या फायद्याचा आहे आणि एका वाक्यात आपण तो दूर करू शकतो, हे तिन्ही माहीत असूनही आपण गप्प राहिलो की लौकिक आणि सचोटी यांच्या वाटा वेगळ्या होतात. परिषदेच्या व्यासपीठावर तुमच्या बाबतीत हेच झाले. त्या क्षणाचे मौन मी फार मोठा अपराध मानत नाही. भर सभेत संचालकांचे बोलणे दुरुस्त करायला जे प्रसंगावधान लागते ते सर्वांपाशी असतेच असे नाही, आणि आपली स्तुती चालू असताना तर ते फारच थोड्यांपाशी असते. परंतु लेख लिहिताना तुमच्यापाशी वेळ होता.

त्या लेखातील प्रत्येक वाक्य खरे आहे यावर तुम्ही भर दिला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. पत्रासोबत पाठवलेला तुमचा लेख मी लक्षपूर्वक वाचला. चाचण्यांचे वर्णन करताना तुम्ही 'आम्ही' म्हणता, निधीसाठी केलेल्या खटपटीविषयी सांगताना 'मी' म्हणता, आणि मूळ कल्पनेचा प्रसंग येतो तिथे वाक्य असे आहे: 'याच टप्प्यावर एक वेगळीच कल्पना पुढे आली.' ती कोणी पुढे आणली, हे वाक्य सांगत नाही. त्याच्या मागची आणि पुढची वाक्ये मात्र 'मी'ने सुरू होतात, त्यामुळे वाचणारा ती रिकामी जागा साहजिकच तुमच्या नावाने भरून घेतो. असे लिखाण कोणी खोटे ठरवू शकणार नाही. पण आपण लिहिलेले वाक्य खरे असणे वेगळे आणि ते वाचून होणारा समज खरा असणे वेगळे, आणि सचोटीची कसोटी लावायची ती समजाला. इतक्या बेताने कर्ता टाळलेले वाक्य अनवधानाने उतरत नाही, असा माझा कयास आहे. ते लिहिताना तुम्ही थोड्या तरी थबकला असाल, आणि हे पत्र पाठवलेत त्याअर्थी ते थबकणे अजून मनातून गेलेले दिसत नाही.

तुमच्या स्नेह्यांचे म्हणणे सरसकट खोडून काढण्यासारखे आहे, असेही नाही. कल्पना सुचणे आणि ती प्रत्यक्षात उतरणे यांत मोठे अंतर असते आणि ते कापण्याचे श्रम तुमचे आहेत. केंब्रिज विद्यापीठात १९६७ साली जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखांवर एक बारीकशी, न उलगडणारी खूण दिसली, तिने तिचा पिच्छा पुरवला आणि त्यातून पल्सार या, ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्यांचा शोध लागला. १९७४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना, मार्टिन राइल यांच्यासह, देण्यात आले. प्रकल्पाच्या यशापयशाची अंतिम जबाबदारी मार्गदर्शकाची असते, असे पुढे खुद्द जॉसलिन बेल बर्नेल यांनीच म्हटले आणि या निर्णयाबद्दल कधी आकांडतांडव केले नाही. तरीसुद्धा ह्यूइश यांचे नाव निघाले की हा वाद त्यांच्या नावामागोमाग येतोच. शोध जाहीर करणाऱ्या १९६८ च्या निबंधावर ह्यूइश यांच्या लगेच नंतरचे नाव बेल यांचे होते, हेही ध्यानात घ्या. म्हणजे जिथे श्रेयाची लेखी नोंद होती तिथे ही गत झाली. तुमच्या लेखात तर नोंदच नाही.

श्रेयाचा प्रश्न अंगावर आला म्हणजे मोठ्या माणसाचेही मन कसे हेलकावे खाते, हे पाहायचे असेल तर मला डार्विनचे उदाहरण सर्वांत शिकवणारे वाटते. जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण निसर्गअभ्यासकाने दूरच्या मलाय द्वीपसमूहातून पाठवलेला एक निबंध डार्विनच्या हाती पडला. नैसर्गिक निवडीच्या ज्या तत्त्वावर डार्विन सुमारे वीस वर्षे काम करत होता आणि जे त्याने अजून प्रसिद्ध केले नव्हते, तेच तत्त्व वॉलेसने स्वतंत्रपणे मांडले होते. निबंध योग्यतेचा वाटल्यास तो भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांच्याकडे पाठवावा, इतकीच वॉलेसची विनंती होती. तो काही काळ बाजूला ठेवून आपले लिखाण घाईने छापून घेणे डार्विनला अशक्य नव्हते. त्याने तो लायलकडे पाठवून दिला, आणि त्याच महिन्यात लायलला लिहिलेल्या एका पत्रात म्हटले की, आपण क्षुद्रपणे वागलो असे वॉलेसला किंवा दुसऱ्या कोणाला वाटण्यापेक्षा आपले सगळे पुस्तक जाळून टाकणे आपण पसंत करू. अखेर लायल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी मार्ग काढला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत दोघांचेही लिखाण एकत्र वाचले गेले.

पत्रातल्या त्या उद्गारात दोन भावना एकमेकींत गुंतल्या आहेत. आपण क्षुद्रपणे वागू नये ही एक, आणि आपण तसे वागलो असे कोणाला वाटू नये ही दुसरी. शब्दांत उतरली आहे ती तर दुसरीच. म्हणजे लौकिकाची काळजी डार्विनलाही होती, आणि त्या काळजीने त्याला योग्य बाजूला ढकलले. आपला हेतू पुरता निर्मळ झाल्याखेरीज योग्य गोष्ट करायची नाही, अशा विचारात पडलेले अनेक जण हेतू तपासत बसतात आणि करायचे ते राहून जाते. तुम्ही खुलासा कराल तेव्हा 'उद्या दुसऱ्या कोणी सांगितले तर' ही भीतीही त्यात असेल. असू द्या. पण या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि ती तुमच्या अधिक कामाची आहे: लिनियन सोसायटीतल्या त्या व्यवस्थेविषयी वॉलेसला आधी कोणीही विचारले नव्हते. त्याने ती मोठ्या मनाने मान्य केली, इतकी की १८८९ साली या विषयावर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच त्याने डार्विनचे नाव घातले. परंतु तो हजारो मैल दूर होता आणि पत्र पोहोचायला महिने लागत, ही सबब तरी त्या मंडळींपाशी होती. तुमची सहकारी रोज तुमच्यासमोर असते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, खुलासा करावाच लागेल, अर्ज पाठवण्याआधी करावा लागेल आणि त्याची सुरुवात तिच्यापासून करावी लागेल. या बोलण्यात 'तुला चालेल ना?' असा प्रश्न कृपा करून विचारू नका. ती 'काही हरकत नाही, मॅडम' असेच म्हणणार, आणि त्या चार शब्दांचा आधार घेऊन पुढे सारे पूर्वीसारखे चालू ठेवण्याचा मोह तुम्हाला होईल. तसेच, डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागू नका, कारण मग तुमचे सांत्वन करण्याचे काम तिच्यावर येऊन पडते. परिषदेत काय झाले, लेखात काय राहिले, आता तुम्ही काय काय करणार आहात, हे साध्या शब्दांत सांगा आणि कल्पना नेमकी कशी आणि केव्हा सुचली याविषयी तुमच्या आठवणीत काही चूक असेल तर ती दुरुस्त करायला तिला सांगा. तिला राग आलेला असेल तर तो ऐकून घ्या.

संचालकांशी एकांतात बोलावे. त्यांची चूक दाखवण्याचा आव नको. त्यांनी ऐकलेली हकिकत अपुरी होती आणि ती त्याच वेळी पुरी करण्याचे तुमच्याकडून राहिले, एवढे पुरे. हे त्यांना बाहेरून कळू नये म्हणून अर्ज जाण्यापूर्वी कळवायचे. ते कदाचित म्हणतील की, आता झाले ते झाले, उगाच कशाला उकरून काढायचे. त्यावर वाद घालण्याची गरज नाही, कारण तुम्ही परवानगी मागायला गेलेल्या नाही आहात.

अर्जातल्या रकान्यात मूळ कल्पना कोणाची हे तिच्या पूर्ण नावासह पहिल्याच वाक्यात यावे, आणि त्यानंतर कल्पनेची व्यवहार्यता तपासणे, निधी उभारणे, चाचण्यांची आखणी करणे आणि काम प्रत्यक्षात आणणे हे सर्व तुमच्या नेतृत्वाखाली झाले, असे निःसंकोच लिहावे. स्वतःचा वाटा कमी करून सांगण्याचे कारण नाही. तेही वाचणाऱ्याला चुकीची माहिती देणेच होईल. पुरस्काराच्या नियमांत दोघांची नावे एकत्र देण्याची सोय आहे का, हे आयोजकांना लिहून विचारावे. नसेल आणि केवळ कल्पनेसाठीच तो पुरस्कार असेल, तर तुमचे नाव मागे घेऊन तिचे सुचवणे हा एकच सरळ मार्ग उरतो.

लेखाविषयी माझे मत कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल. त्यातले ते वाक्य बदलून तिचे नाव घाला आणि लेखाच्या आरंभी, दुरुस्ती केली आहे अशी एक ओळ द्या. पण 'आज मला काही कबूल करायचे आहे' अशा थाटाचा नवा लेख लिहू नका. तुम्हाला लिहिता चांगले येते, म्हणूनच सांगण्याची वेळ आली. तसा लेख पहिल्या लेखापेक्षा अधिक वाचला जाईल, तुमच्या धैर्याचे कौतुक होईल, आणि ज्या मुलीचे नाव गाळल्यामुळे तुमचे नाव झाले तिचे नाव घातल्यामुळे ते आणखी होईल. ती मात्र तुमच्या मनःपरिवर्तनाच्या कथेतले एक दुय्यम पात्र बनून राहील. प्रामाणिकपणाचाही असा देखावा करता येतो आणि त्याला गिऱ्हाईक भरपूर असते. दुरुस्ती किती आटोपशीर असू शकते, ते पाहा. २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला एक शोधनिबंध जानेवारी २०२० मध्ये मागे घेतला, कारण त्यातील निष्कर्ष पुन्हा प्रयोग केल्यावर मिळत नव्हते. ट्विटरवर त्यांनी ते मोजक्या ओळींत जाहीर केले, सर्वांची माफी मागितली आणि निबंध पाठवला गेला तेव्हा आपण जरा कामात होतो, आपले काम आपण नीट केले नाही, असे म्हटले. त्या ओळींत कोणा सहकाऱ्याकडे बोट नाही आणि स्वतःच्या मनाची चिरफाडही नाही. काय चुकले आणि जबाबदारी कोणाची, इतके सांगून त्या थांबल्या.

राहिला तिसरा प्रश्न, नाव टिकेल का हा. अर्नोल्ड यांची पत या प्रकाराने घटली नाही, उलट अनेकांनी त्यांची प्रशंसा केली, हे खरे असले तरी त्यावरून मी तुम्हाला आश्वासन देणार नाही. नोबेल मिळवलेल्या व्यक्तीला चूक कबूल करणे जितके परवडते तितके ते सर्वांना परवडत नाही. सचोटीने वागल्यास अखेर मान मिळतोच, असे सांगणाऱ्यांनी रॉजर बोझोले या अभियंत्याची हकिकत आठवावी. चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटचे सांधे थंडीत निकामी होऊ शकतात, असे बजावून त्याने आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी २७ जानेवारी १९८६ च्या रात्री उड्डाणाला कसून विरोध केला. रॉकेट बनवणाऱ्या त्याच्या कंपनीच्या व्यवस्थापनाने तो बाजूला सारला आणि दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगापुढे त्याने खरे ते सांगितले. त्यानंतर कंपनीत त्याला कामातून दूर ठेवण्यात आले, सहकाऱ्यांनी त्याच्याशी अंतर राखले आणि अखेर त्याला नोकरी सोडावी लागली. १९८८ साली अमेरिकेतील एका मोठ्या विज्ञानसंस्थेने त्याला वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांसाठीचा पुरस्कार दिला, पण रोज ज्यांच्यात वावरायचे त्यांच्यातले त्याचे स्थान त्या पुरस्काराने परत मिळाले नाही. तेव्हा खुलासा करायचा तो नाव वाढेल या हिशेबाने करू नये. तुमच्या बाबतीत इतके मोठे मोल द्यावे लागेल असे दिसत नाही. एखादे निमंत्रण कमी होईल, एखाद्या ठिकाणी कुजबुज होईल, पुरस्कार कदाचित हुकेल.

ज्या नावाची तुम्ही काळजी करता आहात ते तुम्हाला न ओळखणाऱ्या लोकांमधले आहे. तुमचे दुसरेही एक नाव आहे. ती कल्पना कोणाची, हे तुमच्या पथकातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. परिषदेतली ओळख त्यांनी ऐकली असेल, लेख त्यांनी वाचला असेल, आणि आपली पुढची चांगली कल्पना तुम्हाला कधी सांगायची, सांगायची की नाही, याचा विचार त्यांच्यापैकी काहींनी केलेलाही असेल. हे जवळचे नाव समाजमाध्यमांवर दिसत नाही, पण मोठी जबाबदारी देताना जाणकार माणूस लेख वाचून थांबत नाही. तो पूर्वीच्या एखाद्या सहकाऱ्याला फोन करून 'त्या कशा आहेत?' असे विचारतो. तुमचे स्नेही ज्याला ब्रँड म्हणतात, त्यात या फोनचा हिशेब कुठे धरलेला असतो, हे मला आजवर कळलेले नाही. वस्तूचा ब्रँड तिच्यासोबत काम करणारे घडवत नाहीत. माणसाचे नाव बऱ्याच अंशी तेच घडवतात.

मुदत पुढच्या आठवड्यात संपते, म्हणून तिच्याशी बोलणे या दोन दिवसांतच व्हायला हवे, संचालकांशी त्यानंतर लगेच. अर्जाचा मसुदा पाठवण्यापूर्वी तिला वाचायला द्या आणि तो वाचायला एक दिवस तरी मिळू द्या. तिने सुचवलेला एखादा बदल तुम्हाला पटला नाही, तर त्या वेळच्या टिपणांच्या आणि ईमेलच्या तारखा दोघींनी मिळून काढून पाहा. ते काम फार तर एका दुपारचे आहे.